होली आयलंडच्या वाटेवरचं मचाण

झूटरमेर

गेस्टहाउसच्या बाईंचा ईमेल आला तेव्हा मी सुहासचे शर्ट पिशव्यांत भरत होते. 'तुमचं बुकिंग कोरोनामुळे दोनदा पुढे ढकललंय, आता रस्ते उघडलेत, ऑक्टोबरात तिघांसाठी खोली ठेवू का?' असं त्यांनी विचारलं होतं. मी हातातला शर्ट बाजूला ठेवला आणि लिहून टाकलं, 'हो, ठेवा.' तिघांऐवजी दोघी असं लिहायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे मी लिहिलं नाही.

सुहास माझा नवरा. २०२१च्या जानेवारीत तो कोरोनाने गेला. नेदरलँड्समध्ये, ह्या झूटरमेर गावात, आम्ही नऊ वर्षं काढली होती, आणि ह्या देशाबद्दल त्याची एकच तक्रार असायची. सपाट. "इथं दम लागायला एक चढ नाही गं," म्हणायचा. पुण्यात दर रविवारी गड चढणारा माणूस, इथं सायकलवरून कालव्याच्या कडेकडेनं फिरून कंटाळला होता. मग त्याने नकाशावर समुद्र ओलांडला. बोटीने एका रात्रीत पोचता येईल असा इंग्लंडचा ईशान्य किनारा, नॉर्थम्बरलंड. कडे, पडके किल्ले, ओहोटीला रस्ता उघडणारं बेट. दोन वर्षांचे ब्रिटिश व्हिसे काढले, आणि लगेच सगळं बंद झालं. व्हिसे डिसेंबरात संपणार होते.

संपणार तर बरंच काही होतं. आमच्या अकरा वर्षांच्या मुलीला, इराला, घेऊन मी डिसेंबरात कायमची पुण्याला परतणार होते. इथं राहायचे कागद मिळू शकले असते, वकिलांनी तसं सांगितलं होतं. पण मला इथं राहायचं बळ उरलं नव्हतं. तिकडे सासूसासरे एकटे. त्यांनी एकुलत्या एका मुलाचे अंत्यविधी लॅपटॉपवर पाहिले होते. मधेच पुण्यातलं इंटरनेट गेलं, ते परत येईपर्यंत इथलं सगळं आटोपलं होतं.

घरमालकांना सांगून झालं होतं, ऑफिसला सांगून झालं होतं. इराला सांगितलं नव्हतं. प्रवासात सांगेन, असं मी स्वतःला बजावलं. शाळेला आठवड्याची शरदाची सुट्टी लागली आणि आम्ही गाडी घेऊन निघालो.

सीहाउसेस

बोट आयमाउडनच्या डच बंदरातून संध्याकाळी सुटते आणि सकाळी न्यूकॅसलला लागते. बोटीबद्दल एवढंच सांगते, की जेवणाच्या दालनात प्रत्येक कुटुंब आपापल्या टेबलाशी मास्क लावून परक्यासारखं बसलं होतं आणि पाणी मागायलाही कुणी शेजाऱ्याकडे वळत नव्हतं.

न्यूकॅसलला उतरल्यावर गाडी डावीकडून चालवायची होती. रस्ता पुण्यासारखा आणि स्टिअरिंग मात्र डच बाजूला. पहिल्याच चौकात मी चुकीच्या बाजूला शिरले. समोरचा ट्रकवाला थांबला, त्याने काच खाली केली, आणि मी शिव्या ऐकायच्या तयारीत असताना म्हणाला, "घाई नाही बाई, सावकाश घ्या." इरा मागच्या सीटवरून डचमध्ये म्हणाली, "बाबाने चालवली असती तर असं झालं नसतं." ते खरंच होतं.

मग किनारा दिसायला लागला. माझं माहेर वेंगुर्ल्याचं, त्यामुळे मला समुद्राचं अप्रूप नाही असं मी समजत होते. नेदरलँड्समध्ये समुद्र आधी दिसतच नाही. वाळूची टेकडी चढावी, मग तो करडा, उथळ, बांधून ठेवल्यासारखा दिसतो. इथं रस्ता वळला आणि खाली मैलभर मोकळी वाळू, तिच्या टोकाला काळ्या खडकावर अख्खा किल्ला, आणि त्यामागे पांढऱ्या लाटांची रांगच रांग. वाळूवर एकच माणूस कुत्र्याला घेऊन चालला होता, तो मुंगीएवढा दिसत होता. मी गाडी कडेला घेतली. एवढं सुंदर काही समोर आलं की शेजारी बसलेल्या माणसाकडे बघायची सवय असते. शेजारच्या सीटवर पाण्याची बाटली आणि चाचणीची पाकिटं होती.

सीहाउसेसमधल्या गेस्टहाउसच्या जीनबाई पंचाहत्तरीच्या. दारात दोन हात लांब उभ्या राहूनच त्यांनी स्वागत केलं. नाश्त्याचा ट्रे दाराबाहेर ठेवीन, भांडी तिथंच परत ठेवा, असं सांगितलं. मग रजिस्टरात बघून विचारलं, "आणि साहेब? तिघांची नोंद आहे."

"त्यांना काम निघालं," मी म्हणाले. "जमलं नाही यायला."

"अरेरे," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी."

इराने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. पाहुण्यांसमोर कुणी काही सांडलं की आपण बघतो तसं. खोलीत तीन टॉवेल घडी करून ठेवलेले होते. इराने तिसरा उचलला आणि कपाटात मागे सारून दिला.

क्रास्टर

दुसऱ्या दिवशी आम्ही क्रास्टर नावाच्या लहानशा बंदरातून पडक्या किल्ल्यापर्यंत चाललो. गवत मेंढ्यांनी कुरतडून गालिच्यासारखं केलेलं, उजव्या हाताला काळे दगड, आणि वारा असा की बोललेलं बोलणाऱ्यालाच ऐकू येऊ नये. पुढे टेकाडावर किल्ल्याचे दोन मोडके बुरूज उभे होते. जवळ गेल्यावर दिसलं की भिंतीपलीकडे काहीच नाही. कडा सरळ खाली समुद्रात उतरतो आणि लाटा त्याच्या पोटात घुसून दणका देतात. तो दणका पायांना कळतो. मी इराचा हात धरला. तिने सोडवून घेतला.

गावात हेरिंग मासे ओकच्या लाकडाच्या धुरीवर टांगून टिकवतात. नेदरलँड्समध्ये हेच मासे लोक कांद्याबरोबर जवळजवळ कच्चे खातात. मला ते कधी जमलं नाही. सुहास मात्र जन्मभर वरणभात जेवलेला असूनही, त्या देशात आल्याच्या पहिल्या महिन्यात शेपटी धरून हेरिंग तोंडात सोडायला शिकला होता. धुरीतला मासा मात्र तोंडात घातला आणि मला माझ्या माहेरची, चुलीवर भाजलेल्या सुक्या बांगड्याची चव लागली. तोच खारटपणा, तोच धूर. मी अख्खा मासा काट्यांसकट निपटला. नऊ महिन्यांत पहिल्यांदा मला नीट भूक लागली होती, आणि लाजही वाटत होती.

"छान आहे ना?" मी विचारलं. आता सांगावं, असं मनात होतं.

"हं," इरा म्हणाली. तिला मराठी सगळं समजतं, उत्तरं डच नाहीतर इंग्रजीत देते. सुहास गेल्यापासून उत्तरं बहुतेक वेळा 'हं' एवढीच झाली होती. मग आपणहून म्हणाली, "जुलैमध्ये आमचं नाटक आहे. मला मोठी भूमिका मागायचीय." नेदरलँड्समध्ये प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्गाला ग्रूप आख्त म्हणतात. वर्ष संपताना तो अख्खा वर्ग मिळून गाण्यांचं नाटक बसवतो, मग मुलं शाळा सोडतात. चार वर्षांची असल्यापासून ही मुलं त्या नाटकाची वाट बघत असतात.

जुलैत आम्ही तिथं असणार नव्हतो. मी म्हणाले, "माग की." आणि उठून बिल द्यायला गेले.

होली आयलंड

होली आयलंड हे दिवसातून दोनदा बेट असतं. भरती आली की जमिनीशी जोडणारा रस्ता पाण्याखाली जातो, ओहोटीला वर येतो. रस्ता किती वाजेपर्यंत सुरक्षित आहे ते फलकावर लिहिलेलं असतं. मी ते मोबाइलवर टिपून घेतलं, दोनदा वाचलं. रस्त्यापासून दूर, उघड्या वाळूतून, आणखी एक वाट जाते. पूर्वी यात्रेकरू पायी यायचे ती. तिथं किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत उंच खांबांची रांग रोवलेली आहे. त्या वाटेची वेळ वेगळी असते, फार आधी संपते. फलकावर तेही असणार. आम्ही गाडीने आलो होतो, म्हणून मी वाचलं नाही.

बेटावर जुन्या मठाचे लाल दगडांचे अवशेष आहेत, उलट्या घातलेल्या होड्यांची छपरं असलेल्या झोपड्या आहेत. आम्ही भिंतीच्या आडोशाला बसून घरून आणलेल्या पोळ्या खाल्ल्या. तेवढ्यात पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. माझे सासरे, अण्णा. मी फोन इराला दिला आणि पाण्याची बाटली भरायला गेले. पाचच मिनिटं गेले असेन.

परत आले तेव्हा फोन भिंतीवर ठेवलेला होता आणि अण्णा त्यातून बोलत होते, "हॅलो? इरा? आवाज येतोय का?"

"अण्णा, काय झालं?"

"काही नाही, मी तिला सांगत होतो की इथली शाळा बघून आलो. जानेवारीत घेतो म्हणाले. ती एकदम उठूनच गेली. अगं, तिला माहीत आहे ना?"

मी फोन बंद केला आणि धावत सुटले. गावात ती नव्हती, गाडीपाशी नव्हती. वाळूकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका बाईंनी हाताने दाखवलं. खांबांच्या रांगेत, बरीच लांब, पिवळं जॅकेट. ती सरळ जमिनीच्या दिशेने चालली होती, जशी काही तिथून झूटरमेरला पोचणार होती.

मी हाका मारत वाळूत उतरले. आधी वाळू घट्ट होती, मग चिखल लागला, मग घोट्याएवढं पाणी. ते पाणी कुठून येत होतं ते कळत नव्हतं. लाट नव्हतीच. जमीनच हळूहळू ओली होत होती. मी तिला गाठलं तेव्हा मागे वळून पाहिलं. मी ज्या वाळूवरून आले होते, तिथं आता पाण्याचा रुंद पट्टा चमकत होता. पुढेही तेच. दूर कुठून तरी रडल्यासारखा आवाज येत होता, खूप जण मिळून रडावेत तसा. ते सील होते, वाळूच्या दांड्यावर पडलेले. पण तेव्हा ते मला कळलं नाही.

खांबांच्या ओळीत एक मचाण आहे. शेतात राखणीसाठी बांधतात तसं, उंच लाकडी पायांवरचं, शिडी लावलेलं. अडकलेल्यांसाठीच बांधलेलं. आम्ही हात धरून तिथवर पोचलो तेव्हा पाणी माझ्या गुडघ्याच्या वर आणि इराच्या मांडीपर्यंत होतं, आणि त्याला आता ओढ लागली होती. मी तिला पुढे घातलं. शिडीच्या पायऱ्या शेवाळाने बुळबुळीत होत्या. ती एकदा घसरली, तिचा बूट माझ्या कपाळावर लागला. वर पोचल्यावर मी मदतीचा नंबर लावला.

पलीकडे एक तरुण मुलगी होती, शांत आवाजाची. कुठं आहात, कुणी जखमी आहे का, असं विचारून तिने विचारलं, "किती जण आहात?"

"तिघं," मी म्हणाले.

हे मी मुद्दाम केलं नाही. अकरा वर्षं कुठल्याही काउंटरवर, कुठल्याही फॉर्मवर मी तेच उत्तर दिलं होतं.

"तिघंही मचाणावर आहात?"

"नाही, आम्ही... दोघी आहोत."

तिचा आवाज बदलला. "तिसरी व्यक्ती कुठे आहे? पाण्यात आहे का? शेवटची कधी दिसली?"

इराने माझ्या हातातून फोन घेतला आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, "आम्ही दोघीच आहोत. माझा बाबा मेलाय. जानेवारीत. तो पाण्यात नाहीये, त्याला शोधू नका."

ती मुलगी म्हणाली, "ठीक आहे. तू फार छान सांगितलंस. बोट निघालीय."

इराने फोन मला परत दिला. आम्ही कठड्याला टेकून बसलो. खाली पाणी चढत होतं, खांब एकेक करून आखूड होत होते. खरं सांगायचं तर त्याहून विलक्षण दृश्य मी आयुष्यात पाहिलेलं नाही. चारी बाजूंना शिशाच्या रंगाचं पाणी, त्यावर खूप खालून उडत चाललेले बदकांचे थवे, आणि पलीकडे बेटावरचा किल्ला हवेत ठेवल्यासारखा.

"तू मला परत सांगितलं नाहीस," इरा म्हणाली. डचमध्ये.

"परत म्हणजे?"

"हॉस्पिटलमध्ये गेलीस तेव्हा."

जानेवारीत एके सकाळी हॉस्पिटलमधून फोन आला होता की आज येऊन भेटून घ्या, दोघांना परवानगी आहे. मी एकटीच गेले. दहा वर्षांच्या मुलीने बापाला नळ्यांमध्ये बघू नये, असं मला वाटलं. तिला शेजारच्या मारायकेकडे ठेवलं आणि आल्यावर सांगितलं, बाबा शांत झोपलाय. दुसऱ्या दिवशी तो गेल्याचं सांगितलं. दोन माणसांना परवानगी होती हे मी तिला कधीच सांगितलं नव्हतं.

"मारायकेने विचारलं होतं मला," इरा म्हणाली, "की तू का नाही गेलीस आईबरोबर, दोघांना चालतं ना. तेव्हापासून माहितीय मला."

नऊ महिने ती हे घेऊन माझ्यासमोर जेवायला बसत होती.

"माझं चुकलं," मी म्हणाले. "तेव्हाही चुकलं आणि आताही."

"मग सांग. तो कसा दिसत होता? खोटं नको सांगू."

मी सांगितलं. चेहरा सुजला होता, ओळखायला वेळ लागला. दाढी वाढली होती आणि ती पांढरी आली होती. पाय गार होते, मी मोजे मागून घेतले आणि घातले. डोळे उघडले नाहीत. तू लिहून दिलेलं पत्र मी त्याच्या कानाशी वाचलं, पूर्ण, दोनदा.

"डचमध्ये?"

"डचमध्येच लिहिलं होतंस की."

"तुझ्या उच्चारांत?" ती म्हणाली. "त्याला काहीच कळलं नसेल." आणि ती हसली, आणि हसता हसता तिला रडू कोसळलं. बाप गेल्यापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मी तिला ओढून जवळ घेतलं. ह्या खेपेला तिने सोडवून घेतलं नाही. आम्ही भिजलेल्या, थरथरत होतो, आणि बोट येईपर्यंत दोघी मोठमोठ्याने रडत राहिलो. ऐकायला सीलखेरीज कुणी नव्हतं.

बोटीवरचे तिघेही स्वयंसेवक होते. एक शाळेत शिकवतो, असं तोच म्हणाला. रागावेल म्हणून मी आधीच माफी मागायला लागले. तो म्हणाला, "इथून उतरवलेल्या तुम्ही पहिल्या नाही बाई. जिवंत उतरताय, पुरे आहे." त्यांनी आम्हाला थेट सीहाउसेसला आणलं. गाडी दुसऱ्या दिवशी ओहोटीला जाऊन आणली.

जीनबाई बंदरावर उभ्या होत्या. गावात बातमी आमच्याआधी पोचली होती. दोन हातांचं अंतर त्यांच्या लक्षात राहिलं नाही. त्यांनी इराला ब्लँकेटसकट कवटाळलं, मग एकदम मागे झाल्या, "अगं बाई, हे करायचं नसतं ना," म्हणाल्या.

"माझे मिस्टर कामात नाहीत," मी त्यांना सांगितलं. "ते वारले."

"ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. "कपाटात मागे सारलेल्या तिसऱ्या टॉवेलवरून कळलं."

परत

उरलेले दोन दिवस पाऊस होता. आम्ही किनारा खिडकीतून पाहिला आणि बोललो. भांडणही झालं. इराचं म्हणणं होतं की तिला पुण्याला जायचंच नाही. माझं म्हणणं होतं की मला झूटरमेरला राहवत नाही. दोन्ही खरं होतं आणि दोघींनाही पुरतं हवं ते मिळणार नव्हतं. शेवटी ठरलं ते असं, की ग्रूप आख्त पूर्ण करायचं. जुलैपर्यंत झूटरमेर, मग पुणे. नाटकात भूमिका मिळो न मिळो. वकिलांना पुन्हा फोन करायचा, घर आणखी काही महिने मागून घ्यायचं, कमी तासांचं का होईना काम सांभाळायचं. ते मला झेपेल असं मला वाटत नव्हतं, आजही रोज वाटतंच असं नाही.

अण्णांना सांगणं राहिलं होतं. ते पंचाहत्तर वर्षांचे, सासूबाईंना कमी दिसतं. डिसेंबरापर्यंतचे दिवस ते मोजत होते. घरी पोचल्यावर रविवारी सकाळी मी व्हिडिओ कॉल लावला. सगळं सांगून झाल्यावर पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सासूबाई म्हणाल्या, "ते उठून गेले गं." मग म्हणाल्या, "तुमचंही बरोबर असेल."

इरा माझ्या बाजूला बसली होती. "मला दे," म्हणाली. "आजोबांना बोलवा, आजी."

बऱ्याच वेळाने अण्णा पडद्यावर आले. चष्मा काढलेला होता. इराने श्वास घेतला आणि मराठीत बोलायला लागली. एकेक शब्द शोधत, लहानपणी बोलायची तसं.

"आजोबा, मी येणार आहे. पण आत्ता नाही. जुलैमध्ये. आईने नाही ठरवलं, मी ठरवलं. तुम्ही रागवा, पण माझ्यावर रागवा."

अण्णांनी चष्मा पुसला, घातला, आणि नातीकडे नीट बघितलं. जानेवारीपासून ते बहुतेक पडद्याच्या कडेलाच बघत बोलायचे. मुलाची आणि नातीची जिवणी एक आहे.

"तिकडे थंडी पडली का गं?" त्यांनी विचारलं.

"पडली," इरा म्हणाली.

"मग गरम काही घालून बस," अण्णा म्हणाले. "आणि सांग, कुठं कुठं फिरलात ते. पहिल्यापासून सांग."